कोणता चमचा, साहेब?



ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की दिंडोरी तालुक्यात औषधांच्या पुड्या फुटू लागतात. मोरचूद, गंधक, मँकोझेब, जी.ए. एकामागून एक येतात. कोणते औषध घ्यावे यावर पारावर तासन् तास चर्चा होते. किती घ्यावे तेही आपण विचारतो. पण ते 'किती' मोजायचे कशाने, हे फारसे कोणी विचारत नाही. आजचा लेख त्या मोजण्याच्या साधनावर आहे. हा विषय मी आधीच मांडायला हवा होता. का, ते पुढे सांगतो.

काही वर्षांपूर्वी कडवा काठच्या एका गावात ओट्यावर बैठक होती. भुरीबद्दल बोलताना मी सांगून गेलो, "गंधक पंपाला दोन मोठे चमचे टाका." माणसांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका बाईंनी मात्र विचारले, "कोणता चमचा, साहेब? चहाचा, का भाजीचा? आणि सपाट, का शीग लावून?" सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र एक चमचा सपाट भरून आणि तोच शीग लावून तोलून पाहिला. जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. मग त्याच चमच्याने भुकटीचे गंधक आणि दाणेदार गंधक तोलले, तर तेही जुळेना. भुकटी फुगीर असते आणि दाणा बसका, त्यामुळे चमचा तोच राहिला तरी आतले वजन बदलते. पुडीवरची मात्रा ग्रॅममध्ये छापलेली असते, चमच्यात नव्हे. दुसऱ्या आठवड्यात त्या गावी जाऊन मी कबूल केले, "वहिनी बरोबर होत्या, मी चुकलो होतो. काटा घ्या."

माझी दुसरी चूक इथे झाली. काटा घ्या एवढे सांगितले, कोणता घ्या ते सांगितले नाही.

एका शेतकऱ्याने माझे ऐकून स्वयंपाकघरात पीठ-साखर तोलायला वापरतात तसला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. गंधक, मँकोझेब त्यावर उत्तम तोलले गेले. मग त्याच काट्यावर त्याने जिबरेलिक आम्ल, म्हणजे आपले जी.ए., तोलले. दोनशे लिटरच्या टाकीला दोन ग्रॅम हवे होते. काट्यावर '२' येईपर्यंत तो चिमटीने भुकटी सोडत राहिला. पुढे घडांचे देठ जाड आणि ताठर झाले, पाकळ्या वेड्यावाकड्या झाल्या. त्याने तशीच तोलून ठेवलेली एक पुडी उरली होती. ती आम्ही सराफाच्या काट्यावर ठेवली, तर तीन ग्रॅमच्या वर भरली. देठ बिघडायला तेवढे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण तो काटा त्या कामाचा नव्हता हे नक्की.

एवढ्याशा भुकटीचे एवढे काय?

जी.ए.ची गोष्ट भातापासून सुरू होते. जपानमध्ये भाताची काही रोपे अचानक उंच, बारीक आणि पिवळट होऊन लोळत. कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवून दिले की रोपांवरच्या एका बुरशीतून जो पदार्थ बाहेर पडतो, तोच रोपांना असा ताणतो. १९३५ साली याबुता यांनी त्याला 'जिबरेलिन' हे नाव दिले. भाताला लोळवणारा तोच पदार्थ आपण आज थोड्या प्रमाणात देऊन द्राक्षाची पाकळी लांबवतो आणि मणी फुगवतो. पीक लोळवणे आणि पीक साधणे यांत फरक मात्रेचा आहे.

ही मात्रा पीपीएममध्ये सांगतात. एक पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम किंवा हजार लिटरमध्ये एक ग्रॅम. फुलोऱ्याआधी १० पीपीएमची फवारणी करायची असेल तर दोनशे लिटरला २ ग्रॅम लागतात. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला लागतात फक्त १५० मिलिग्रॅम. जुन्या सोनाराच्या भाषेत सांगायचे तर ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. आपल्याला हवी आहे सव्वा गुंज. सव्वा गुंज सोने आपण पिठाच्या काट्यावर तोलून घेऊ का? मग सबंध हंगाम ज्यावर उभा आहे ती भुकटी तरी त्यावर का तोलावी?

जास्त झाले तर देठ बिघडतो आणि पुढच्या हंगामाच्या घडनिर्मितीवर ताण येतो. कमी पडले तर घड गच्च राहतो, विरळणीची मजुरी वाढते आणि दाटीत कूज शिरते. बुरशीनाशक कमी पडले तर रोग आवरत नाही. जास्त झाले तर पाने करपण्याची भीती असते आणि मण्यात अंश उरतात.

अंशांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा लावतात. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षे आणि त्यांत मिळून एक ग्रॅम. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेले 'लिहोसिन', मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला आणि त्या वर्षीचा घाव अनेक घरांनी सोसला. पलीकडचा माणूस एवढे बारीक मोजतो, तर आपल्यालाही अंदाजपंचे चालून भागणार नाही.

काटा निवडताना

दुकानदार पहिल्यांदा सांगतो, "पाच किलोपर्यंत तोलतो." तुम्ही विचारा, "कमीत कमी किती ओळखतो?" काट्यावरचा आकडा ज्या टप्प्याने बदलतो तो टप्पा पाहावा. एक ग्रॅमच्या टप्प्याचा काटा '२' दाखवतो तेव्हा पारड्यात दीड ग्रॅमही असू शकतो आणि अडीचही. म्हणजे तुमचे १० पीपीएम साडेसात झाले की साडेबारा, ते काटा सांगू शकत नाही. तो काटा खोटा नसतो. त्याची नजर तेवढीच असते.

यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवा. जे कमीत कमी वजन तोलायचे आहे ते काट्याच्या टप्प्याच्या निदान वीसपट असावे, पन्नासपट असेल तर उत्तम. त्यावरून हिशेब असा बसतो:

१. एक ग्रॅमचा टप्पा: वीस ग्रॅमच्या खाली तोलू नये. पन्नासच्या वर निर्धास्त तोलावे. मोरचूद, चुना, गंधक, मँकोझेब यांना हा काटा पुरतो. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे दोनशे लिटरला ४०० ग्रॅम लागतात, तिथे एका ग्रॅमची चूक नगण्य आहे.

२. दशांश ग्रॅमचा (०.१) टप्पा: दोन ग्रॅमच्या खाली तोलू नये. पाचच्या वर चांगला. हेक्टरी मात्रा कमी असलेल्या कीटकनाशकांच्या भुकट्यांना उपयोगी.

३. शतांश ग्रॅमचा (०.०१) टप्पा: सराफ वापरतात त्या जातीचा लहान काटा. पाव-अर्ध्या ग्रॅमपासून पुढे विश्वासाचा. जी.ए. तोलायला हाच घ्यावा. याची क्षमता थोडी असते, शे-दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यावर अर्ध्या किलोची पुडी ठेवली तर आतली पट्टी कायमची वाकते.

म्हणून माझा सल्ला असा, की सगळे काही तोलणारा एकच काटा शोधत बसू नये. किलोंसाठी एक आणि ग्रॅमसाठी एक, असे दोन साधे काटे घ्यावेत. दुसरा काटा वर्षातून मोजकेच दिवस लागतो. तो चार-पाच बागायतदारांनी किंवा गटाने मिळून घेतला तरी चालेल. मात्र तो एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावा.

घेण्यापूर्वी आणखी चार गोष्टी दुकानातच पाहाव्यात. कागद ठेवून आकडा शून्यावर आणण्याचे बटण आहे का? आकडे उन्हाच्या उजेडात वाचता येतात का? बॅटरी गावात मिळणारी आहे का? आणि काटा किती वेळाने आपोआप बंद होतो? मिनिटाभरात बंद पडणारा काटा शून्य विसरतो आणि मग कागदासकट वजन दाखवतो.

काटा खरा की खोटा?

बारीक आकडा दाखवणे वेगळे आणि खरा आकडा दाखवणे वेगळे. ०.०१ दाखवणारा काटाही सगळीकडे अर्धा ग्रॅम चुकीचा असू शकतो. जुन्या तागडीचा पासंग डोळ्यांना दिसायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा पासंग दिसत नाही, म्हणून तो तपासावा लागतो. त्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. वजन पडले की ती किंचित वाकते, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युत रोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो. ऊन, धक्का, वारा, उतरलेली बॅटरी यांनी तो आकडा सरकतो.

काट्याबरोबर तपासणीचे वजन मिळत असेल तर आग्रहाने घ्यावे. ते बोटांनी न हाताळता फडक्याने उचलावे. ते नसेल तर घरच्या घरी दोन उपाय आहेत. इंजेक्शनच्या नव्या पिचकारीने दहा मिलि पाणी मोजून वाटीत सोडावे, ते दहा ग्रॅम भरले पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे पाच रुपयांचे जुने, जाड, पांढरे नाणे. तांबे-निकेलचे हे नाणे नवे असताना ९ ग्रॅमचे असते. झिजलेले असेल तर किंचित कमी भरेल. ही ढोबळ तपासणी आहे, पण मोठा घोटाळा त्यात लगेच उघडा पडतो. दरवर्षी छाटणीपूर्वी आणि काटा हातातून पडला असेल तर त्याच दिवशी ती करावी. पारड्याच्या मध्यावर आणि कडेला ठेवून एकच वजन येते का, तेही पाहावे.

व्यापाराचा काटा ही गोष्ट निराळी. माल विकताना ज्या काट्यावर तोल होतो तो वैधमापनशास्त्र कायदा, २००९ नुसार तपासलेला आणि मुद्रांकित असावा लागतो. घरातल्या औषधाच्या काट्यावर माल विकू नये आणि व्यापाऱ्याच्या काट्यावरचा शिक्का पाहिल्याशिवाय माल घालू नये.

तोलण्याची रीत

काटा घरातल्या सपाट फरशीवर ठेवावा. पंखा बंद करावा, दार लोटावे. चालू ब्लोअरच्या किंवा ट्रॅक्टरच्या अंगावर ठेवून तोलू नये, कारण थरथरीत आकडा ठरत नाही. मोबाईल बाजूला ठेवावा. काटा सुरू करून दोन मिनिटे थांबावे, गुळगुळीत कागद पारड्यावर ठेवून शून्य करावे आणि मग भुकटी सोडावी.

पण चिमटी-चिमटीने सोडत राहू नये. माझ्या त्या शेतकऱ्याची गाडी इथेच चुकली होती. असे पुष्कळ काटे अगदी थोडी वाढ झाली तर ती 'काहीच पडले नाही' असे समजून गिळून टाकतात. आपण टाकत जातो आणि आकडा तिथेच बसून राहतो. म्हणून थोडे टाकले की कागद उचलून पुन्हा ठेवावा आणि तेव्हा दिसेल तो आकडा खरा मानावा.

तोलण्याआधी पुडीवर औषध किती टक्के आहे ते वाचावे. जी.ए.ची भुकटी ९० टक्क्यांची असेल आणि २ ग्रॅम शुद्ध जी.ए. हवे असेल, तर भुकटी २.२ ग्रॅम लागेल. शिफारस शुद्धाची आहे की भुकटीची, हे सांगणाऱ्याला स्पष्ट विचारावे. आम्हा मंडळींना विचारायला लाजू नका. विचारले नाही तर आम्हीही 'दोन चमचे' सांगून मोकळे होतो.

काटा नसेल तर

बारीक काटा नसेल तरी अडू नये. जी.ए.ची पुडी कंपनीने तोलूनच भरलेली असते, तिचा उपयोग करावा. एक ग्रॅमची सबंध पुडी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी आणि मोजनळीत अल्कोहोल घालून एकूण १०० मिलि करावे. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम जी.ए. आहे. पंधरा लिटरच्या पंपाला १० पीपीएमसाठी १५० मिलिग्रॅम हवे, म्हणजे १५ मिलि घ्यावे. घड बुडवण्यासाठी, ज्याला आपण डिपिंग म्हणतो, ४० पीपीएमचे वीस लिटर द्रावण करायचे असेल तर ८०० मिलिग्रॅम, म्हणजे ८० मिलि लागेल. सव्वा गुंज तोलणे कठीण, पण पंधरा मिलि मोजणे कोणालाही जमते.

यात तीन पथ्ये पाळावीत. एक, अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडी नको. दोन, द्रावण त्याच दिवशी वापरून संपवावे. तीन, काही जी.ए. थेट पाण्यात विरघळणारे असते, तेव्हा पुडीवरची सूचना आधी वाचावी.

चमच्याचीही मला सरसकट बंदी करायची नाही. फवारणीच्या घाईत शेताच्या बांधावर चमचाच सोयीचा पडतो. फक्त तो काट्याकडून शिकलेला असावा. एका औषधाला एकच ठरलेले माप ठेवावे. ते भरून, वरून पट्टी फिरवून सपाट करून पाच वेळा तोलावे आणि सरासरी काढून त्या मापावर औषधाचे नाव व ग्रॅम रंगाने लिहून ठेवावेत. पाचही वजने जवळजवळ सारखी आली तर माप विश्वासाचे. औषधाची कंपनी बदलली, भुकटीऐवजी दाणेदार आले, किंवा ओल धरून गोळे झाले, तर पुन्हा तोलावे. जी.ए.सारख्या ग्रॅम-दोन ग्रॅमच्या वस्तूला मात्र चमचा कधीच नको.

बोर्डो मिश्रणाचेही एवढ्यात सांगतो. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असे धरतात. मोरचूद तोलून घेतला तरी चुन्यावर डोळे मिटून विसंबू नये. चुना जुना किंवा वारा लागलेला असेल तर त्याचे वजन भरते, पण त्यातली ताकद गेलेली असते. म्हणून तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा काही मिनिटे बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, चुन्याची निवळी आणखी घालावी. प्रत्येक गोष्टीचा निकाल काटा देत नाही, हेही ध्यानात असावे. भांडी प्लॅस्टिकची वापरावीत, लोखंडाची नकोत.

माउलींना विनंती

घरातल्या भगिनींना आणखी एक सांगणे आहे. औषधाचा काटा, चमचा, वाटी पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. "धुऊन घेतले" हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्यांवर लाल रंगाचा पट्टा ओढा, ते कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली पोरांच्या हाताला लागू देऊ नका. तोलताना हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच, कारण कोरडी भुकटी श्वासाबरोबर आत जाते. आणि फवारणीची वही तुमच्याकडे घ्या. तारीख, औषध, पाणी किती आणि तोलून घेतलेले ग्रॅम असे चार रकाने पुरेत. उद्या माल अडला किंवा घड बिघडला, तर कारण शोधायला ती वहीच कामी येते.

ज्या वहिनींनी मला 'कोणता चमचा' विचारले, त्यांच्या घरी अलीकडे गेलो होतो. ओसरीच्या कोनाड्यात लाल पट्ट्याची पत्र्याची पेटी होती. आत दोन काटे, एक पिचकारी, कागदाचे तुकडे आणि ९ ग्रॅमचे ते जाड नाणे. मी विचारले, "वहिनी, नाणे खर्च कसे नाही झाले?" त्या म्हणाल्या, "साहेब, ते पाच रुपयाचं नाही आता. आमच्या सगळ्या बागेचा काटा त्याच्यावर खरा होतो."

छाटणीला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात आपला काटा उन्हातून आत घ्या, पुसा, दहा मिलि पाणी ठेवून पाहा. दहा ग्रॅम भरले तर हंगामाला लागा. नाही भरले, तर बॅटरी बदलून पुन्हा पाहा. तरीही जुळले नाही, तर पहिली पुडी फोडण्याआधी दुसरा काटा शोधा.